पिवळी पेन्सिल

महापालिकेच्या नकाशात रंगांना अर्थ असतात.
नवं बांधकाम लाल,
आहे ते राहायचं असेल तर काळं,
आणि पाडायचं ते पिवळं.

गिरणीच्या नकाशावर पिवळा मीच भरला.
सूतखातं, ताणाखातं, चिमणी,
भोंग्याची कोठी, सायकलींची शेड.
मे महिन्याची दुपार, कूलरचा वाळा सुकलेला,
कागदाला घाम लागू नये म्हणून
मनगटाखाली टिपकागद.
रंग रेषेबाहेर गेला नाही
एवढंच तेव्हा पाहिलं.
सही केली. शिक्का वाळेपर्यंत फुंकर घातली.

आता माझ्या पिशवीत मोजपट्टी नसते.

पहिल्या वर्षी उभ्या इमारती काढल्या.
अजब बंगला, स्टेशनचा तांबडा दगड,
कस्तुरचंद पार्कातली छत्री, झिरो माइलचे घोडे.
लोक मागे येऊन उभे राहायचे,
"सेम टू सेम" म्हणायचे
आणि तर्रीपोह्यांच्या ठेल्याकडे वळायचे.
उभ्या भिंतीची कुणाला आठवण येत नाही.

त्या झिरो माइलच्या दगडावर अंतरं कोरलेली आहेत:
चांदा, शिवनी, छिंदवाडा, बैतुल.
पाडलेल्या फाटकापर्यंत किती मैल,
ते गोऱ्या साहेबानं मोजलं नाही.
मीही नाही.

मग एका रविवारी
जुम्मा तलावाच्या कठड्यावर बसून
समोर नसलेली गिरणी काढायला घेतली.
आणि भांडण सुरू झालं.

"घड्याळ डाव्या अंगाला होतं," नंदनवार म्हणाले.
"डाव्या अंगाला काऊन असंन?
तीस वर्सं फाटकातून शिरताना
मी उजवीकडंच मान केली जी."
हे गजभिये, दुसऱ्या पाळीचे.
पौनीकरबाई मागून पुढं आल्या:
"मले घड्याळ नाही माहीत. मी डबा घेऊन यायची, बाहेरच उभी.
फाटकाच्या तिसऱ्या गजाले गंज नव्हता.
साऱ्या बायांचे हात तिथंच पडत."

एक पोरगा म्हणाला, चिमणीवर पिंपळ होता.
त्याचा जन्मच पाडल्यानंतरचा.
सगळे त्याच्यावर हसायला निघाले
आणि गप्प झाले.
होता पिंपळ.

मी दोन्ही घड्याळं काढली.
डाव्यात साडेसहा, उजव्यात काटे नाहीत.
सांगितलेल्या सगळ्या खिडक्या धरल्या
तर दर्शनी भिंत तलावात शिरत होती.
शिरू दिली.

त्या रात्री घरी
माळ्यावरचं पत्र्याचं नळकांडं उघडलं.
मिलिमीटरपर्यंत बरोबर होतं सगळं.
प्रत्येक खांब, प्रत्येक उतार, मोरीचं तोंडसुद्धा.
तिसरा गज फाटकाच्या चौदा गजांसारखाच.
पिंपळ नव्हता.
पिवळा मात्र अजून ताजा,
बोट लावलं तर बोटाला येईल असं वाटलं.

पुढच्या रविवारी गजभिये म्हणाले,
"दिवसाची झाली, आता रातपाळी काढा न.
तलावाच्या पाण्यात खिडक्या पडत होत्या, बाई.
पोरं मोजत बसत. साऱ्या पिवळ्याजर्द."

पेन्सिलींच्या डब्यात हात गेला
आणि तिथंच राहिला.
बाकी सगळ्या झिजून बोटाएवढ्या,
ही एकच अखंड, टोकसुद्धा न केलेली.

"संपली का जी?"

नाही म्हटलं. पुढं काही बोलले नाही.
यांना कुणी सांगितलं नव्हतं
नकाशातला तो रंग कुणी भरला.
मी सांगितलं.
तलावात कुणीतरी खडा टाकला.
नंदनवार बराच वेळ पाण्याकडं पाहत राहिले,
मग हात पुढं केला, पेन्सिल घेतली,
सदऱ्याच्या खिशातून ब्लेडचा तुकडा काढला.
सूत कापायच्या सवयीनं, एका दमात
लांब, बारीक टोक काढून दिलं.
माफ केलं असं काही त्यात नव्हतं.
टोक होतं.

मी खालच्या रांगेतून सुरुवात केली.
पाचवी, सहावी, सातवी.
कोपऱ्यातल्या वरच्या खिडकीवर आले
तसे गजभिये खेकसले,
"ते नका भरू. तिचा बल्ब गेला होता,
कवाच बदलला नाही त्यायनं."